उजेडाची गाडी

आमच्या मालकांना कुनी म्हातारं म्हनलं तर ते हसत्यात, पन त्यांच्या गाडीला कुनी जुनाट म्हनलं की संपलं. पुढं दोन-चार दिवस त्या मानसाच्या राम-रामाला उत्तर न्हाई. मिरजगावात कुनालाबी इचारा, सूर्यभान ड्रायव्हरचं घर कुठं. शेंबडं पोरगं सांगल की हायवे सोडून आत वळा, ज्या गोठ्यातनं मोटारीचं तोंड बाहेर आलंय तेच घर. खोटं न्हाई ते. आमच्या गोठ्यात तीन गायी, एक म्हस आन् एक पांढरी अँबॅसिडर. चौघी दूध देत्यात. पाचवी नुसती उभी.

मी पुष्पावती, ह्याच सूर्यभान ड्रायव्हरची बायको. लोक मला तोंडाळ म्हनत्यात. म्हनू द्या. ज्या घरात नवरा दिवसाकाठी चार वाक्यं बोलतो, तिथं बायकोला दोघांचं बोलावं लागतं. आन् ह्यांची वाक्यं तरी कसली! "चहा टाक." "टायरात हवा कमी हाय." "कल्यान आला का?" कल्यान म्हंजे आमचा पोरगा. लग्नाला चाळीस वर्सं झाली, पन ह्या मानसानं मला "बरी दिसतीस" एवढंबी कधी म्हनलं न्हाई. भाजी चांगली झाली तर दुसऱ्यांदा घेत्यात, तेवढ्यावरनं आपन समजून घ्यायचं.

ही गाडी ह्यांनी लग्नाच्या थोडी आदी घेतली, तीबी दुसऱ्यानं वापरलेली. त्या वक्ताला आमच्या भागात नवरी बैलगाडीतनं यायची, न्हाईतर ट्रकच्या हौद्यात बसून यायची. ह्यांनी मोटार आनली आन् पंचक्रोशीतल्या पोरींचं नशीब उघडलं. त्यात ह्यांच्या गाडीची एक खुबी हुती. दिवस मावळला की ड्रायव्हर बटन वढून दिवं लावतो का न्हाई? ह्यांच्या गाडीत ते बटन वढलं की बाहेरच्या दिव्यांबरुबर आत छताचा दिवाबी आपसूक लागायचा. मागं बसलेली नवरी लख्ख दिसायची, शालू, नथ, मुंडावळ्या, समदं. रस्त्याकडंच्या गावातल्या बाया लेकरं कडंवर घिऊन उभ्या ऱ्हायच्या. "आली बया, उजेडाची गाडी आली!" पुढं पुढं तर पोरी बापाकडं हट्टच धरायच्या, दोन साड्या कमी घ्या पन वरात उजेडाच्या गाडीतनंच पायजे.

आन् त्या दिव्याखाली पयली कोन बसली? ही मी. माझं माहेर शेवगावाकडं. लगीन लागलं, जेवनं झाली, निघायला दिवस मावळला. गाडी चालवता दुसऱ्या कुनाला येत न्हवती, म्हनून नवरदेवच मुंडावळ्या बांधून स्टेरिंगवर बसला. मी मागं, एका बाजूला करवली, दुसऱ्या बाजूला आत्याबाई. ह्यांनी बटन वढलं आन् माझ्या डोक्यावर भक्कन दिवा लागला. अगं आई गं! गावागावातनं लोकं वाकवाकून बघाया लागले. किडं आत आले, ते थेट माझ्या तोंडावर. पार घरापतूर मी मान खाली घालून बसले. दुसऱ्या दिशी मी इचारलं, हे काय ध्यान केलंत? तर म्हनले, "लोकांना नवरी दिसाया नको का?" तवापासून मी त्या दिव्यावर डूख धरून हाय. बायको हाय का जत्रंतला पाळना, म्हनलं, दिवं लावून गावाला दाखवायला?

असो. ते दिवस गेले. आता लग्नाला लोकं वरनं उघड्या गाड्या आनत्यात, नवरा-नवरी उभं ऱ्हाऊन नाचत्यात. उजेडाच्या गाडीला कोन इचारतंय? ती गोठ्यात गेली ती गेलीच. हे रोज सकाळी उठून तिला फडकं मारायचे, आठवड्यातनं एकदा चालू करायचे, आन् धुरानं माझ्या गायी ठसकायच्या.

गेल्या दिवाळीला कल्यान म्हनला, "आई, आनखी दोन गायी आनायच्या म्हनतोय. पन दावन करू कुठं? निम्मा गोठा तर आन्नांच्या मोटारीनं खाल्लाय." पोराचं चुकत न्हवतं. मी म्हनलं, "बोलाव भंगारवाल्याला." तो आला. कलिंगड बघावं तसं त्यानं बोनेटवर टिचकी मारली. हे जेवत हुते, तसंच ताटावरनं उठले.

दोन दिस घरात शब्द न्हाई. तिसऱ्या दिशी भाकरी खाता खाता म्हनले, "नगरला जुन्या मोटारींचा मेळा हाय. नंबर काढत्यात. मी गाडी नेनार."

"बरं. मग?"

"नंबर आला तर गाडी ऱ्हाईल. न्हाई आला तर भंगारवाल्याला मी सोताच बोलावतो."

"पयला, दुसरा न्हाईतर तिसरा," मी म्हनलं. "उत्तेजनार्थ-बित्तेजनार्थ मी मोजनार न्हाई."

त्यांनी ताटातल्या भाकरीवर हात ठिवला आन् मान हलवली. आमच्याकडं भाकरीवर हात ठिवून दिलेला शब्द मोडत न्हाईत. कल्याननं ऐकलं, मी ऐकलं. झालं, ठरलं.

मग काय इचारता! अलीमभाई रोज यायला लागले. अलीमभाई म्हंजे गावातले गाड्यांची वायरिंग करनारे, ह्यांचे बारकेपनापासूनचे दोस्त. ते चष्मा कपाळावर सारून गाडीखाली घुसायचे आन् हे वरनं टॉर्च धरायचे. दोघं मिळून तासाला दोन शब्द बोलायचे. मी चहा करून करून दमले. नंबरप्लेटीवरचा दिवा, ब्रेकचा, वळायचा पिवळा, पायानं दाबायचा डिपर, समदं एकेक करून जागं केलं. मला म्हनले, "वैनी, दिव्यांचे वेगळे गुन असत्यात. तिथंच लई लोकं पडत्यात."

आता मी कितीबी भांडखोर असले तरी नवऱ्याची गाडी नगरला पारोशी जाऊ देनार हाय का? जायच्या दिशी पहाटं मी उठले आन् पुढचं दोन्ही दिवं राखंनं घासायला घेतलं, पितळंची भांडी घासतो तसं. डावा दिवा झाला आन् बघते तर त्याच्यावरचा काळा टिपका गायब. उजव्यावर मात्र हाय. तवा माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. पूर्वी समोरच्याच्या डोळ्यावर झोत जाऊ नये म्हनून सरकारच गाड्यांच्या दिव्यावर काळा टिपका द्यायला लावायचं. तो मळ न्हवता, रंग हुता. आता काय करावं? ह्यांना सांगितलं असतं तर निघायच्या आदीच रामायन झालं असतं. मी घरात गेले, नातवाच्या काजळाची डबी आनली आन् डाव्या दिव्यावर झकास टिपका दिला. चांगला तिटासारका. दृष्टबी लागायची न्हाई, म्हनलं.

मी पुढं ह्यांच्या शेजारी बसले, अलीमभाई मागं. मला नगरला कापडं घ्यायची हुती, असं मी सांगितलं. खरं म्हंजे मला बघायचं हुतं ह्या गाडीचं काय हुतंय ते. दुपारी मैदानावर पोचलो. बाई बाई, काय त्या मोटारी! काहींच्या रंगात आपलं तोंड दिसावं. त्यांचे मालक गॉगल लावून उभे, आन् आमचे हे इस्तरीचा सदरा घालून बोनेटवरची धूळ रुमालानं टिपत्यात. खरं सांगू, मला तवा थोडं भरून आलं. पन मी दाखवलं न्हाई.

माझं गुडघं दुखायला लागलं म्हनून मी जाऊन गाडीत मागच्या सीटवर बसले. तिथं गादी मऊ हाय. इंजिन झालं, रंग झाला, पत्रा झाला. परीक्षक माना हलवत पुढं गेले. अलीमभाई खिडकीत यिऊन कानात म्हनले, "वैनी, पार तिसऱ्यापतूर चान्स हाय बघा. फक्त दिवं ऱ्हायलेत."

दिव्यांसाठी त्यांनी एक मांडव चारी बाजूंनी ताडपत्री लावून गच्च अंधारा केल्ता. म्हंजे भर दिवसा दिवं नीट दिसावं. एकेक गाडी आत घ्यायची. परीक्षक परवेझ म्हनून हुते, नगरचेच, पोरगेलेसेच, बोलायला लई गोड. पन गोड बोलत बोलत गुन कापायचे. आमच्या पुढं एक लाल मोटार हुती, तिला पांढऱ्याफेक उजेडाचं नव्या तऱ्हेचं बल्ब बसवलेलं. परवेझसाहेब तिच्या मालकाला म्हनले, "दिवा उत्तम आहे हो. पण ही गाडी याच्या आजीच्या वयाची आहे." कापले गुन!

मग आमची पाळी. मी उतरायला लागले तर म्हनले, "बसा काकू, काही हरकत नाही." आन् ह्यांना समजावून सांगितलं. "काका, मी तीनच गोष्टी बघतो. दिवा लागतो का. तो त्याच काळातला आहे का. आणि जोडीतले दोन्ही सारखे आहेत का. एखादा नाही लागला तर घाबरू नका. बल्ब काय, जातोच. इथं माझ्यासमोर दुरुस्त केलात तर अर्धेच गुण जातील. पण जो दिवा लागायला नको तो लागला, तर दोष मोठा धरतो. कारण मग कुणीतरी मूळ वायरिंगमध्ये हात घातलाय."

सुरवात पुढच्या दिव्यांनी झाली. "अरे वा, काळे टिपके!" साहेब खूश. "हे आता कोण ठेवतं?" असं म्हनत त्यांनी डाव्या टिपक्यावर बोट फिरवलं आन् बोट काळंभोर. त्यांनी बोट नाकाशी नेलं. वास घेतला. "काका, हे काजळ आहे?"

हे बघत्यात अलीमभाईंकडं, अलीमभाई बघत्यात ह्यांच्याकडं, आन् मी बघते छताकडं. मग हे सावकाश मागं वळले. मी म्हनलं, "बघताय काय? तीट लावलीय. एवढ्या लोकांच्या नजरा पडनार हुत्या गाडीवर." परवेझसाहेब पोट धरून हसले. हसून झाल्यावर जोडी सारखी न्हाई म्हनून एक गुन कापला. मी म्हनले न्हवते का, गोड बोलून कापतो?

"आता बटण ओढा," ते म्हनले.

ह्यांनी बटन वढलं. पुढं दिवं लागलं, मागं लागलं, नंबरप्लेट उजळली. आन् माझ्या डोक्यावर छताचा दिवा भक्कन लागला, अगदी लग्नाच्या दिशी लागल्ता तसाच. त्या अंधाऱ्या मांडवात मी एकटी उजेडात. बाहेरचे लोक ताडपत्री सारून बघाया लागले.

परवेझसाहेबांचं हसू गेलं. त्यांनी बटन बंद करायला लावलं, परत लावायला लावलं. छताचा दिवा परत लागला. "काका, याला त्याचं वेगळं बटण असतं. हा बाहेरच्या दिव्यांबरोबर लागायला नको. वायर चुकून चिकटलीय, की कुणी मुद्दाम जोडलीय? चुकून असेल तर आत्ता सोडवून घ्या, अर्धे गुण वाचतील."

अलीमभाई पक्कड घिऊन पुढं सरलेबी. "साहेब, एक मिनिट. एकच वायर हाय, सोडवतो."

"अलीम, हात लावू नगंस," हे म्हनले.

मला कायच कळंना. ही एक वायर सोडवली की गाडी वाचती, न्हाई सोडवली की उद्या भंगारात. भाकरीवर हात ठिवून बोललेलं. मी मागनं वरडले, "अवो, सोडवा की! चाळीस वर्सं माझ्या टाळक्यावर जळतोय तो मेला दिवा. सोडवा आन् मोकळं व्हा!"

"न्हाई," हे म्हनले. साहेबांना म्हनले, "चुकून न्हाई लागत. मी मुद्दाम जोडून घेतलाय. काय गुन कापायचे ते कापा."

"कापावे लागतील, काका," परवेझसाहेब म्हनले. त्यांनाबी वाईट वाटलं असावं, कारन पेन तसंच हातात धरून त्यांनी इचारलं, "पण कशासाठी जोडला?"

मी म्हनलं आता हे नेहमीचं सांगत्याल, लोकांना नवरी दिसावी म्हनून. सगळा तालुका तेच सांगतो. पन हे स्टेरिंगवर अंगठा घासत बसले. आन् मग पुढच्या काचंकडं बघतच बोलले, म्हंजे मला काय त्यांचं तोंड दिसलं न्हाई.

"आमच्या लग्नाला गाडी मलाच चालवायची हुती. ही मागं बसनार. बघायला गेल्तो तवा हिनं मान वर केली न्हवती, मला धड तोंड दिसलं न्हवतं. वाटंत अंधार हुनार, आन् आरशात तर काळंच दिसतं. म्हनून आदल्या दिशी अलीमकडनं जोडून घेतला. मला ही आरशात दिसावी म्हनून."

अलीमभाई पक्कड पिशवीत घालता घालता हळूच म्हनले, "मला आन घातली हुती वैनी. कुनाला सांगायचं न्हाई म्हनून."

मी, जिला गाव तोंडाळ म्हनतं, त्या माझ्या तोंडातनं एक शब्द फुटला न्हाई. चाळीस वर्सं मी त्या दिव्याला शिव्या घातल्या. किती नवऱ्या त्याच्याखाली बसून आल्या, समद्यांना वाटायचं गावासाठी लावलाय. आन् माझ्या मनात एकच आलं. अरं देवा, त्या दिशी तर मी आख्ख्या वाटंनं मान खाली घालून बसले हुते. एवढा दिवा लावूनबी ह्या बापड्याला आरशात नुसता माझा भांग दिसला असंल!

नंबर काय आला न्हाई. तिसरा थोडक्यात हुकला. ज्या गुनांनी हुकला ते छताच्या दिव्याचेच. साहेब मुद्दाम गाडीपाशी यिऊन म्हनले, "काकू, नियम आहे. राग मानू नका." मी म्हनलं, "तुमचं बरुबर हाय. सगळ्यांना एकच माप पायजे." जाता जाता ह्यांना म्हनले, "काका, पुढच्या वर्षी काजळ पुसून रंग द्या. दिव्याचं तुमचं तुम्ही बघा."

थंडीचे दिवस, निघेस्तवर दिवस कलला. ह्यांनी माझ्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. मी म्हनलं, "अलीमभाई, तुमी बसा पुढं." आन् मी मागं जाऊन मधोमध बसले. पदर नीट केला. ह्यांनी बघितलं आन् स्टेरिंगवर जाऊन बसले.

रुईछत्तीशीच्या अलीकडं अंधारलं आन् ह्यांनी बटन वढलं. मी मान वर केली. सरळ आरशात बघितलं. ते आरशातनं बघत हुते. चाळीस वर्सांनी का हुईना, गाडीचं काम गाडीनं केलं.

"पुढं बघा," मी म्हनलं, "कंटेनर येतोय."

"बघतोय," ते म्हनले. पन थोडं झालं की नजर परत वर. अलीमभाई शाने, खिडकीबाहेर तोंड करून बसले ते घोगरगाव गेलं तरी तसंच. एका गावात चहाच्या टपरीवरनं एक म्हातारी उठून उभी ऱ्हायली आन् वरडली, "आगं, उजेडाची गाडी!" मी तिला हात केला. पयल्या येळंला हात करायचं ऱ्हाऊन गेलं हुतं.

घरी पोचलो तर कल्यान दारातच उभा. गाडी अंगनात थांबली, दिवा चालूच. "नंबर आला का, आन्ना?"

ह्यांनी मान हलवली. "न्हाई." आन् शब्दाचा पक्का मानूस, खाली उतरून लगेच म्हनले, "भंगारवाल्याचा नंबर लाव. मी बोलतो."

कल्याननं माझ्याकडं बघितलं. मी तिथंच, दिव्याखाली.

"लाव की फोन," मी म्हनलं. "त्याला म्हनावं गाडी तुझीच हाय, शब्द दिलाय. फक्त नवरी खाली उतरली की घिऊन जा."

कल्यान बघतच ऱ्हायला. "आन् तू कवा उतरनार?"

"मला काय घाई न्हाई," मी म्हनलं. "चहा इथंच आन."

ह्यांनी तोंड तिकडं वळवलं आन् खांदं हलायला लागलं. हसत हुते. मग चहा आनायला सोताच आत गेले, लग्नानंतर पयल्यांदा. साखर इसरले हुते, पन मी प्याले.

दोन नव्या गायी लिंबाखाली पत्र्याचं छप्पर करून बांधल्यात, मजेत हायेत. भंगारवाला मधनं मधनं फोन करून इचारतो, उतरल्या का काकू? कल्यान सांगतो, अजून न्हाई.